‘आपण’च्या पुढचं

“आपण म्हणजे कोण?” कारखानीस बाईंनी विचारलं आणि त्या गप्प बसल्या.

मी हसलो. “आपण म्हणजे आपण, मॅडम. आता त्यात काय सांगायचं?”

त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला, थोडा वेळ घुमला आणि बंद पडला. एसीच्या जाळीला कुणीतरी बांधलेली लाल रिबन फडफडत होती. समोरच्या माणसानं किती वेळ गप्प बसावं याला काही धरबंध असतो, असं मला तोवर वाटत होतं. बाईंना तो नव्हता.

या गोष्टीला आता बारा-तेरा वर्षं होऊन गेली. शिरोलीतल्या एका फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी उत्पादनाचा प्रमुख होतो. कंपनी लांब परराज्यात, होसूरला, नवा कारखाना काढत होती आणि तिथं मुख्य म्हणून मला पाठवायचं ठरलं होतं. जायच्या आधी मोठ्या साहेबांनी माझ्यामागं ही कोच लावून दिली. कोच म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं गळ्यात शिट्टी अडकवून पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावणारा माणूस उभा राहिला. आल्या त्या शुभदा कारखानीस. साठीला टेकलेल्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. पंधरा दिवसांनी एकदा पुण्याहून यायच्या, कॉन्फरन्स रूममध्ये माझ्यासमोर बसायच्या. वही नाही, लॅपटॉप नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. इथं बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही, आणि मी तुम्हाला सल्ला देणार नाही.

“मग तुम्ही करणार काय?” मी विचारलं होतं.

“विचारीन. आणि ऐकेन.”

हे बरं काम आहे, असं मी मनात म्हटलं होतं.

कोच कशाला, तेही साहेबांनी मला सरळ सांगितलं होतं. “संग्राम, तुझ्या मीटिंगमध्ये कोणी तोंड उघडत नाही. प्रश्न तूच विचारतोस आणि उत्तरपण तूच देऊन मोकळा होतोस.” मला ते जवळजवळ कौतुकच वाटलं. मी आहेच बोलका. आईवर गेलोय. आमच्या घरात आई बोलायची आणि आप्पा हुंकार द्यायचे. आप्पा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. दिवसभर उसाच्या गाड्या मोजून यायचे, पाय धुवायचे, आणि आईचं सगळं ऐकत जेवायचे. दोघांचा संसार त्या एका हुंकारावर छान चालला होता.

त्या वर्षी आषाढात आई गेली. महिनाभरातच आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले, आणि वाचा गेली. अगदी गेली असंही नाही. एक शब्द तेवढा राहिला. ‘आपण’.

“आपण…” आप्पा म्हणायचे आणि थांबायचे.

“आपण जेवायचं का आप्पा?” मी म्हणायचो.

“आपण…”

“आपण फिरायला जाऊ या. चला, उठा.”

ते उठायचे. जेवायचे. फिरायला यायचे. बायको, रोहिणी, म्हणायची, “बघा, कळतंय त्यांना सगळं.” वाचेचे उपचार करणारी मुलगी यायची, ती सांगायची की त्यांचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, वेळ द्या. आम्ही माना डोलवायचो. पण घरात कुकर असतो, फोन असतो, औषधाची वेळ असते. चार दिवस आम्ही वेळ दिला आणि मग पुन्हा आपलं वाक्य पूर्ण करायला लागलो. त्यांनीही कधी तक्रार केली नाही.

होसूरचं ठरलं तशी पुण्याची अक्का, माझी थोरली बहीण, म्हणाली की आप्पांना माझ्याजवळ आण. तिच्या घराजवळ एक केंद्र होतं, अशाच पेशंटांची नीट काळजी घेणारं. मी जाऊन बघून आलो. स्वच्छ होतं, समोर बाग होती. जागा मिळाली. येत्या रविवारी सकाळी केंद्राची गाडी येऊन आप्पांना घेऊन जाणार होती, आणि सोमवारी मी होसूरला रुजू होणार होतो. त्या आठवड्यातल्या बुधवारी बाईंशी माझी तिसरी भेट होती. मी त्यांना होसूरच्या भट्ट्यांबद्दल सांगत होतो, आणि बोलता बोलता सहज म्हणून गेलो, “घरचा प्रश्न पण मिटला. वडिलांना पुण्यात ठेवायचं आपण ठरवलंय.”

त्यावर त्यांनी तो प्रश्न विचारला होता.

“आपण म्हणजे,” शेवटी मीच म्हणालो, “मी, आमची अक्का आणि आमची मिसेस.”

“आणि वडील?”

“तेच तर. वडिलांना बोलता येत नाही, मॅडम. सांगितलं न्हवं मागच्या वेळी.”

“काहीच?”

“एक शब्द येतो. तो पण ‘आपण’च.” मला त्यातली गंमत तेव्हाच लक्षात आली आणि मी पुन्हा हसलो. “आपण, आपण करत बसतात.”

“आणि पुढे?”

“पुढचं आम्ही बोलतो.”

बाईंनी मान हलवली नाही, भुवई उचलली नाही. माझं वाक्य टेबलावर तसंच पडून राहिलं. मला ते उचलून घ्यावंसं वाटलं, पण कसं ते कळेना. मग मी नेहमी करतो ते केलं. दुसरंच काहीतरी काढलं.

“आमच्याकडं बघा, ओतकाम झालं की पोरांना घाई असते. साचा गरम असतानाच फोडायला बघतात. मी ओरडतो, अरे थांबा की जरा, आत माल घट्ट धरू दे. लवकर फोडला की तडा गेलाच म्हणून समजा. नवीन पोरांना हे शिकवायलाच वर्ष जातं. एक वाट बघणं सोडून सगळं येतं त्यांना.”

त्या ऐकत होत्या. मी त्यांना साच्याची वाळू सांगितली, लोखंडाचा रंग सांगितला. मग तेही संपलं. पुन्हा ती रिबन फडफडायला लागली.

“आईचं सगळं पण मीच निभावलं,” मी म्हणालो. हे मी का काढलं, मला आजही सांगता येणार नाही. “सकाळी गेली. दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. मंडप, चहा, गावाकडची माणसं, भटजी, गाड्या. अक्का येऊन पोचायची होती. सगळ्यांना फोन मी केले. एक माणूस उपाशी राहिला नाही. लोक म्हणाले, संग्राम होता म्हणून झालं.”

“आणि तुमचे वडील?”

“ते आईच्या उशाशी बसून होते. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं. ते रडणार, हे मला दिसलं. मी जवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, आप्पा, आपण रडायचं नाही. आपण खचलो तर बाकीच्यांनी कुणाकडं बघायचं?”

“मग ते काय म्हणाले?”

“हूं म्हणाले.”

“आणि?”

“आणि काय? नाही रडले.”

“तुम्ही?”

“मला कुठं वेळ होता, मॅडम?”

मी घड्याळाकडं बघितलं, पाणी प्यायलो, रुमाल काढून कपाळ पुसलं. एसी चालू असताना. मला त्यांचा राग यायला लागला. माणूस समोर एवढं बोलतोय तर एक शब्द तरी टाकावा. वाईट झालं म्हणावं, नाहीतर छान केलंत म्हणावं. घरी आलेला पाहुणासुद्धा एवढं करतो.

“मॅडम, तुम्हीच सांगा ना आता,” मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. “मी आप्पांना पाठवतोय ते बरोबर का चूक?”

“मला माहीत नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या.

“मग कुणाला माहीत असणार?”

त्यांच्या चेहऱ्यावर काही खोचकपणा नव्हता. त्या खरोखर वाट बघत होत्या. आणि तेव्हा मला माझाच प्रश्न ऐकू आला. कुणाला माहीत असणार. त्याचं उत्तर इतकं सोपं होतं की मला घाम फुटला.

मग मी म्हणालो, “त्यांचं ‘आपण’च्या पुढचं काय असतं, ते मला माहीत नाही.”

“हं,” बाई म्हणाल्या. तासाभरातला तो त्यांचा पहिला हुंकार. आप्पांच्या हुंकारासारखाच होता.

निघताना त्यांनी एवढंच विचारलं, “रविवारच्या आत तुम्हाला काय करून बघावंसं वाटतंय?”

“विचारून बघतो त्यांना.”

“आणि?”

मी खुर्ची टेबलाखाली सरकवली. “आणि गप्प बसतो.”

बोलणं सोपं होतं. गुरुवारी मी आप्पांसमोर बसलो आणि त्यांनी ‘आपण’ म्हणायच्या आतच मला होसूरहून फोन आला. शुक्रवारी बसलो. आप्पा “आपण…” म्हणाले आणि मी ओठ आवळून धरले, पण आतून रोहिणी ओरडली, “आणते हो आप्पा पाणी!” आणि घेऊन आली. आप्पा पाणी प्यायले. तिला तरी काय बोलणार? मीच तिला काही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी जेवताना सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “अहो, पण त्यांना नसंल काय म्हणायचं तर?”

“तर नसू दे.”

“आणि असलं तर? परवा गाडी यायलीय.”

मी काही बोललो नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मला ताप आलाय. एवढ्या वर्षांत मी तिच्या एखाद्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी कामावरून लवकर आलो. आप्पा बाहेरच्या सोप्यात त्यांच्या खुर्चीत बसले होते. त्यांची बॅग भरून भिंतीशी ठेवलेली होती. रोहिणीनं तिच्यात दोन स्वेटर घातले होते, पुण्याला गार असतं म्हणून. मी फोन बंद करून रोहिणीच्या हातात दिला. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिनं आतून दार लोटून घेतलं. मी आप्पांसमोर स्टूल ओढून बसलो.

“आप्पा,” मी म्हणालो, “उद्या तुम्हाला पुण्याला न्यायला गाडी येणाराय. अक्काच्या घराजवळ. आम्ही ठरवलं, पण तुम्हाला विचारलंच नाही. तुम्हाला काय वाटतंय, ते सांगा.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. डोळे तेच, वजनकाट्यावरून घरी आल्यावर असायचे तसे दमलेले.

“आपण…” ते म्हणाले.

माझ्या जिभेवर तीन वाक्यं आली. आपण जाऊन तर बघू. आपण दर महिन्याला भेटू. आपण काळजी करायची नाही. मी दोन्ही हात गुडघ्यांखाली घातले, शाळेत गुरुजी बसवायचे तसे.

आप्पा थांबले होते. त्यांनाही सवय होती. मी काहीतरी बोलेन, म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी बोललो नाही. रस्त्यावरून रिक्षा गेली. समोरच्या घरातल्या टीव्हीवर कसली तरी जाहिरात लागली आणि संपली. आप्पांच्या कपाळावर आठी पडली. मग त्यांनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट केला, आणि त्यांचा जबडा हलायला लागला. एखादा जड दगड ढकलावा तसं ते काहीतरी ढकलत होते. मला ते बघवेना. त्यांना यातून सोडवावं, काहीतरी बोलून टाकावं, असं इतकं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“आपण… र…”

मी पुढं झुकलो.

“र… ड… रडायचं…”

ओळखलं मी. माझंच वाक्य होतं ते. आईच्या उशाशी मी बोललेलं, जसंच्या तसं. म्हणजे सगळी भाषा गेली तरी माझा तेवढा हुकूम यांच्या डोक्यात शिल्लक राहिला होता. आणि आता घर सोडायच्या आदल्या दिवशी ते मला तोच परत सांगत होते, पोराला धीर द्यावा तसा. आपण रडायचं नाही. शेवटचा शब्द माझ्या ओठांवर आलाच होता. “नाही, आप्पा. नाही रडायचं,” असं म्हणून मी त्यांचा हात हातात घेणार होतो आणि उठणार होतो. बॅगेत काही भरायचं राहिलं का ते बघणार होतो.

कसा थांबलो ते मला माहीत नाही. रिबन आठवली असेल, नाहीतर बाईंचा चेहरा आठवला असेल. मी थांबलो एवढं खरं.

आप्पांचा जबडा अजून हलत होता. त्यांचं वाक्य संपलेलं नव्हतं.

“आपण… रडायचं…” त्यांनी मान हलवली, दोनदा, चुकीचा शब्द झटकावा तशी. मग माझ्याकडं सरळ बघितलं.

“…होतं.”

आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो.

आपण रडायचं होतं. इतके महिने त्यांना हे एवढंच म्हणायचं होतं. आणि आम्ही त्यांना जेवायला वाढत होतो, फिरायला नेत होतो, पाणी देत होतो.

आप्पांचं तोंड वेडंवाकडं व्हायला लागलं, त्या दिवशी झालं होतं तसंच. या वेळी मी खांद्यावर हात ठेवला नाही. मला ठेवताच आला नाही, कारण मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकून रडत होतो. आई गेल्यापासून पहिल्यांदा. आवाज करून, लहान पोरासारखा. आप्पांचा डावा हात माझ्या केसांत फिरत होता आणि तेही रडत होते. त्यांच्या रडण्याला कसलाच अडथळा नव्हता. शब्द अडत होते त्यांचे, रडणं नव्हतं अडत. रोहिणीनं दार उघडलं, आम्हाला बघितलं आणि उंबऱ्यातच बसून पदर तोंडाला लावला. तीही रडली. सासूच्या मागं तीही रडली नव्हती. त्या दिवशी चहाचं सगळं तिच्याकडं होतं.

बऱ्याच वेळानं सगळे शांत झालो. रोहिणीनं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, “आता उद्याचं काय करायचं?”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आप्पांकडं वळलो.

“आप्पा, उद्याचं काय करू या?”

आम्ही दोघं थांबलो. आतून कुकरची शिट्टी झाली. रोहिणी उठली नाही. दुसरी झाली तरी उठली नाही.

“आ…” आप्पा म्हणाले आणि अडले. डोळे मिटले. पुन्हा उघडले. त्यांनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

“मी,” ते म्हणाले. झटका आल्यापासून हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. “मी… इथं.”

पुण्याला मी फोन केला. अक्का आधी चिडली, मग मी तिला आप्पांचं वाक्य सांगितलं, तेव्हा गाडी पाठवू नका म्हणून तिनंच केंद्राला कळवलं. सोमवारी साहेबांना जाऊन भेटलो. होसूरला दुसरा माणूस गेला, माझ्यापेक्षा लहान. त्यानं तिथं चांगलं काम केलं. मी शिरोलीतूनच निवृत्त झालो. त्याचं मला वाईट वाटलंच नाही असं म्हणणं खोटं होईल.

बाईंशी पुढची भेट पंधरा दिवसांनी त्याच खोलीत झाली. त्या बसल्या, पेल्यावरची झाकणी काढून पाणी प्यायल्या, आणि विचारलं, “काय झालं?”

मला सांगायचं होतं, पण एक शब्द फुटेना. मी, संग्राम इंगवले, टेबलाकडं बघत बसून राहिलो. बाईंनी मला सोडवलं नाही. वाट बघत बसल्या.

त्यानंतर आप्पा तीन वर्षं होते. शब्द थोडे वाढले, फार नाहीत. पण आमच्या घरात एक पद्धत पडली. जेवायला बसलो आणि आप्पा “आपण…” म्हणाले की सगळ्यांचे हात थांबायचे. शिकायला बाहेर असलेली आमची पोरं आली असली तर पोरांचेही. कुणी पुढचं बोलायचं नाही. कधी अर्धा मिनिट, कधी बराच वेळ. पाहुण्यांना वाटायचं, ही माणसं जेवणाआधी कसली तरी प्रार्थना करतात.

आणि बहुतेक वेळा ते वाक्य “आपण… जेवू या” असंच निघायचं. तोवर आमटी गार झालेली असायची. गारच जेवायचो.